फुटला तो कोणापासून?

निवडून दिलेला माणूस पक्ष सोडून गेला की महाराष्ट्रात दोन गोष्टी लगोलग सुरू होतात. वर्तमानपत्रांतून अग्रलेख आणि चौकाचौकांतून विनोद. अग्रलेखाला लोकशाहीची चिंता असते, विनोदाला आमदाराच्या किमतीची उत्सुकता असते. ज्याने उन्हात रांगेत उभे राहून बोटाला शाई लावून घेतली त्याचा उल्लेख दोन्हींकडे होतो, पण तो बोलत मात्र कोठेच नाही. 'मतदारांचा विश्वासघात' हे दोन शब्द त्याच्या वतीने दुसऱ्याच कोणीतरी उच्चारलेले असतात.

पक्षांतर चांगले की वाईट याचा निवाडा करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. पक्षांतराविषयी आपण जी भाषा वापरतो, जी कादंबरी वाचतो, जो चित्रपट पाहतो आणि मतदाराच्या नावाने जो कायदा झाला, त्या सर्वांत वस्तीतला मतदार कोठे उभा आहे, एवढेच तपासायचे आहे.

त्याआधी एक अनुभव सांगणे भाग आहे. तो घडला नसता तर मी या विषयाच्या वाटेला गेलो नसतो.

आमचा मतदारसंघ मराठवाड्यातला, अनुसूचित जातींसाठी राखीव. मी तेव्हा शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो होतो. एका उमेदवारासाठी गावोगावच्या वस्त्यांतून हिंडलो, विहारांत बैठका घेतल्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांना मतदानाच्या चिठ्ठ्या पोचवल्या. उमेदवार आमच्यातलाच, शिकलेला, जयंतीच्या मिरवणुकीत पुढे चाललेला. निवडून आला. पुढे एके दिवशी तो पक्ष सोडून समोरच्या बाकावर जाऊन बसला. ती बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या वस्तीतली एक वयस्क बाई माझ्या ओट्यावर येऊन बसली. गायरानातली एकदीड एकर जमीन तिच्या घराने दोन पिढ्या वाहिली आहे, पण सातबाऱ्यावर नाव नाही.

"सर, आमदार गेला म्हणं तिकडं."

"होय मावशी, गेला."

"मंग आमची मतं?"

मी तिला पक्ष, गट, दोन तृतीयांश, अध्यक्षांपुढची सुनावणी असे काहीबाही समजावू लागलो. तिने हातानेच मला थांबवले.

"ते पक्षाचं तुमचं तुम्ही बघा. त्यो पक्षातून आज गेला आसंल. आमच्यातून कवाच गेलाय. गायरानाच्या मोजणीला बोलावलं तवा आला न्हाई, तवाच गेला. तवा कुणी म्हणलं का फुटला म्हणून? तुमीच सांगितलं व्हतं ना, याला द्या म्हणून?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. पण समीक्षेच्या दृष्टीने तिच्या बोलण्यात एक नेमका भेद आहे आणि तो आपल्या कोणत्याच राजकीय लिखाणात मला आढळला नाही. प्रतिनिधी पक्षापासून फुटतो तो एक दिवस असतो. लोकांपासून फुटतो तो दुसरा. पहिल्या दिवशी छायाचित्रकार हजर असतात.

आता शब्दांकडे वळू. 'आयाराम-गयाराम' ही म्हण आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तिचा जन्म कोठला हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. १९६७ साली हरियाणात राज्यनिर्मितीनंतरची पहिली विधानसभा निवडणूक झाली. हसनपूरहून गयालाल नावाचे अपक्ष आमदार निवडून आले. काँग्रेस आणि विरोधकांची संयुक्त आघाडी यांच्यामध्ये त्यांनी पंधरवड्यात तीनदा ये-जा केली. राव बीरेंद्रसिंह यांनी त्यांना चंदीगडच्या पत्रकारांपुढे उभे केले आणि गयाराम आता आयाराम झाले आहेत, अशा अर्थाचा विनोद केला. विनोद देशभर पसरला आणि अर्धशतक उलटून गेले तरी टिकला.

गयालाल दलित होते. राव बीरेंद्रसिंह हे रेवाडीच्या जुन्या सरदार घराण्यातले आणि त्याच वर्षी स्वतः काँग्रेस फोडून हरियाणाचे मुख्यमंत्री झालेले गृहस्थ. म्हणजे ज्याने पक्ष फोडून राज्य मिळवले तो विनोद करणारा ठरला आणि ज्याला इकडून तिकडे नेले-आणले त्याचे नाव म्हणीत गेले. पुढे १९८० साली त्याच हरियाणात भजनलाल यांनी आपले मंत्रिमंडळच्या मंत्रिमंडळ जनता पक्षातून उचलून काँग्रेसमध्ये नेले. त्यांच्या नावाची म्हण काही रूढ झाली नाही. गयालाल यांच्या वर्तनाचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. ज्यांनी त्यांना मत दिले त्यांनाही त्या पंधरवड्यात आपला माणूस आज कोठे आहे हे ठाऊक नसणार. पण एका देशाने हजारो पक्षांतरांच्या लाजेला एकच नाव द्यायचे ठरवले आणि ते नाव कोणत्या समाजातून उचलले, याचा विचार भाषेच्या अभ्यासकांनी करायला नको काय?

मराठीत तर हा भेद अधिकच स्पष्ट आहे. जुलै १९७८ मध्ये वसंतदादा पाटलांचे सरकार पडले आणि शरद पवार पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले. त्या घटनेसाठी मराठीने जो शब्दप्रयोग कायमचा राखून ठेवला तो 'पाठीत खंजीर' हा. खंजीर म्हटले की दरबार आला, तह आला, घराणी आली. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे चाळीसच्या आसपास आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले तेव्हा एक बाजू 'गद्दार' म्हणाली, वर्तमानपत्रे 'बंड' म्हणाली आणि जाणारे स्वतः 'उठाव' म्हणाले. हे सारे शब्द मोहिमेचे आणि किल्ल्याचे आहेत. मोठ्या जातींच्या मोठ्या माणसांनी केले की त्याची बखर होते. लहान माणसाने केले की त्याचा फार्स होतो.

या सर्व शब्दांच्या मुळाशी एकच कल्पना आहे: निष्ठा. निष्ठा ही खालून वर जाणारी गोष्ट. ती धन्याशी असते, साहेबांशी असते, घराण्याशी असते. 'निष्ठावंत' म्हणजे कोणाशी निष्ठावंत असे कोणी विचारत नाही, कारण उत्तर गृहीत धरलेले असते. दलित लेखकाने या शब्दापासून तरी चार हात दूर राहायला हवे. आपल्या आजापणजांना महार वतनाच्या पट्ट्याने बांधले होते, ते निष्ठेच्याच नावाने. रात्री-अपरात्री सरकारी हुकूम घेऊन धावायचे, त्याबद्दल गावाच्या दारी भाकरी मागायची, आणि याला 'इमान' म्हणायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले ते या इमानाचाच पाया उखडण्यासाठी. ते वतन कायद्याने जायला १९५८ साल उजाडावे लागले. ज्यांनी इमान नाकारून माणूसपण मिळवले त्यांच्या नातवंडांनी 'निष्ठावंत आमदार हवा' असे फलक लावावेत, यातली विसंगती मला अस्वस्थ करते.

मग आपल्याकडे दुसरा शब्द आहे काय? आहे. 'बांधिलकी'. साठ-सत्तरच्या दशकांत या शब्दावरून मराठी साहित्यात केवढे वाद झाले! लेखकाची बांधिलकी कोणाशी, हे विचारणाऱ्यांत दलित साहित्य पुढे होते. लेखकाला आपण हा प्रश्न उभा करून विचारला. आमदाराला कधी विचारला नाही. त्याला फक्त 'तिकीट कोणाचे' एवढेच विचारले.

आता मराठी कल्पित साहित्य. राजकीय फाटाफुटीवरचे मराठीतले सर्वांत गाजलेले काम म्हणजे अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्या, आणि त्यांवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला 'सिंहासन' हा १९७९ चा चित्रपट. अर्थमंत्री मुख्यमंत्र्याची खुर्ची हलवू पाहतो, गट जमवतो, आमदार मोजले जातात, मुख्यमंत्री डाव उलटवतो. चित्रपट पडद्यावर आला त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत खरोखरचे सरकार याच पद्धतीने पडले होते, त्यामुळे प्रेक्षकांना तो वर्तमानपत्र वाचल्यासारखा वाटला असल्यास नवल नाही. साधूंचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मराठी मध्यमवर्गीय वाचकाला त्यांनी सत्तेच्या आतल्या खोलीत नेले. तोवर आपली कादंबरी त्या जिन्यापाशीही क्वचितच गेली होती.

परंतु त्या खोलीत शिरलेला वाचक पुन्हा बाहेर येतच नाही, ही माझी तक्रार आहे. मुंबईतली गरिबी, बेकारी, तस्करी हे सारे त्या कथेत आहे, पण ते भोवताली आहे. ज्या आमदारांची मोजदाद चालली आहे त्यांना निवडून कोणी दिले, ते कोणत्या गावचे, आणि त्यांच्या हलण्याने त्या गावात काय हलते, हा त्या कथेचा प्रश्नच नाही. कथेला एक साक्षीदार आहे, दिगू टिपणीस हा पत्रकार. शेवटी सगळा खेळ पाहून त्याचा तोल जातो आणि तो रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. निळू फुल्यांनी ते हसणे असे उभे केले आहे की पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. मीही पहिल्यांदा पाहिले तेव्हा हेलावून गेलो होतो. पुढे पुन्हा पाहताना मनात आले की, हे हसणे कोणाला परवडते? ज्याचे त्या सरकारात काही अडकलेले नाही त्याला. दिगूचा भ्रमनिरास खरा आहे, पण तो पाहणाऱ्याचा भ्रमनिरास आहे. गायरानाची मोजणी अडकलेल्या माणसाला वेडे होऊन चालत नाही. त्याला दुसऱ्या दिवशी तहसीलला जायचे असते.

दिगूचे ते हसणे पुढे महाराष्ट्राच्या अंगवळणी पडले. २०२२ साली गुवाहाटीच्या हॉटेलातून एका आमदाराने झाडी, डोंगर आणि हॉटेल यांचे जे रसभरित वर्णन फोनवर केले, ते दोन दिवसांत राज्यभर पाठ झाले. लग्नाच्या वरातीत त्यावर गाणी वाजली. पन्नास खोक्यांची घोषणा विधानभवनाच्या पायऱ्यांवर दिली गेली आणि तिथून गावच्या पारावर आली. आमच्या वस्तीतली पोरेही ती म्हणत होती. मीही हसलो, खोटे कशाला बोलू? मतदाराच्या संतापाला विनोदाचे रूप मिळाले की तो संताप सुसह्य होतो. आणि ज्यांच्याविषयी तो होता त्यांनाही तो सुसह्य होतो. ज्याच्यावर विनोद झाला ते आमदार नंतर सभांतून लोकाग्रहास्तव तेच वाक्य म्हणून दाखवू लागले. यापलीकडे समीक्षकाने काय सांगावे?

इथे थोडे आपल्याच घरात पाहू. दलित साहित्याने भूक लिहिली, जातीची शिवी लिहिली, नामांतराचा लढा लिहिला. मत मात्र लिहिले नाही, निदान मध्यवर्ती विषय म्हणून माझ्या वाचनात आलेले नाही. निवडणूक आपल्या आत्मकथनांतून येते ती ओझरती. याचे एक कारण मला संकोच हे वाटते. पक्षफुटी हे आपल्या चळवळीचे घरगुती दुखणे आहे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोनच वर्षांत 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे त्याचे दोन तुकडे पडले. पुढचे तुकडे मोजण्यात मी वाचकांचा वेळ घालवीत नाही. १९९८ साली सगळे एकत्र आले तेव्हा प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले असे चार खासदार एकाच वेळी, तेही खुल्या जागांवरून, लोकसभेत गेले. त्या रात्री वस्त्यांतून वाजलेली हलगी ज्यांनी ऐकली आहे त्यांना नंतर ते ऐक्य पुन्हा विस्कटले तेव्हा काय झाले हे सांगण्याची गरज नाही. हे लिहायचे म्हणजे आपल्याच माणसांची नावे घ्यायची. म्हणून आपण गप्प राहिलो, आणि पक्षफुटीची गोष्ट सांगण्याचे काम खुर्चीकडे पाहणाऱ्यांवर सोपवून मोकळे झालो.

नामदेव ढसाळांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. १९७२ चा 'गोलपिठा' आणि पँथरचा जन्म, त्यानंतर आणीबाणीचा पुरस्कार, आणि उत्तरायुष्यात शिवसेनेशी जवळीक. अनेक वाचकांना हा विश्वासघात वाटला. पण वाचकाच्या हातात 'गोलपिठा' उरतोच. नंतरचे त्याने नाकारले तरी पहिले पुस्तक कोणी त्याच्या कपाटातून काढून नेत नाही. मतदाराचे तसे नाही. त्याने दिलेले मत सुटे करून परत घेता येत नाही. ते प्रतिनिधीबरोबर समोरच्या बाकावर जाते आणि तिथे पाच वर्षे पुरी होईपर्यंत त्याच्याच विरुद्ध मोजले जाते. कवीच्या पक्षांतरावर आपण पानेच्या पाने लिहिली आहेत. या दुसऱ्या गोष्टीवर लिहिलेले फार थोडे आहे.

कायद्याकडे वळतो, कारण पुष्कळ कार्यकर्त्यांचा असा समज आहे की कायदा नीट राबवला की मतदाराचा प्रश्न सुटेल. १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती होऊन दहावे परिशिष्ट आले. आमदाराने आपणहून पक्ष सोडला किंवा पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर त्याचे सदस्यत्व जाईल असे त्यात ठरले. एक तृतीयांश सदस्य फुटले तर मात्र चालेल, अशी पळवाटही त्यातच होती. ती २००३ च्या एक्याण्णवाव्या दुरुस्तीने बंद केली. दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची वाट उघडीच राहिली. आता याचा अर्थ नीट पाहा. उद्या एखाद्या राखीव जागेवरच्या आमदाराला, गायरानाच्या प्रश्नावर किंवा अत्याचाराच्या प्रकरणावर, स्वतःच्या पक्षाविरुद्ध सभागृहात मत द्यावेसे वाटले, तर पक्षादेश निघालेला असल्यास आणि पक्षाने माफ न केल्यास त्याची आमदारकी जाईल. तो एकटा आहे. आणि मंत्रिपदांच्या वाटणीसाठी दोन तृतीयांश एकत्र निघाले, तर त्यांच्यासाठी वाट आहे. विवेकाने एकटा गेला तर गुन्हा, हिशेबाने टोळी गेली तर विलीनीकरण. हा कायदा पक्षाच्या मालमत्तेचे रक्षण करतो. आमदार ही ती मालमत्ता. मतदाराचा त्यात कोठेही हक्क सांगितलेला नाही.

२०२२ नंतर महाराष्ट्रात जे घडले त्यात हे उघडे पडले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ११ मे २०२३ रोजी आला आणि अपात्रतेचा प्रश्न अध्यक्षांकडे गेला. अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ रोजी निर्णय दिला तो असा की, शिंदे गट हाच खरा पक्ष आणि अपात्र कोणीच नाही. दरम्यान जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसही तशीच फुटली होती आणि तिचाही निकाल त्याच वळणाने लागला. दीड वर्षे चाललेल्या या साऱ्या खटाटोपात 'खरा पक्ष कोणता' यावर हजारो पाने खर्ची पडली. त्यात मतदार हा शब्द आला असेल, पण निकाल ज्यावर लागला ते प्रश्न पक्षघटना, प्रतोद आणि संख्याबळ यांचे होते.

कोणी म्हणेल, मतदाराने नंतर मत दिलेच ना? दिले. लोकसभेला, २०२४ च्या उन्हाळ्यात, महाराष्ट्राने फुटून गेलेल्यांच्या आघाडीला दणका दिला. वस्त्यांतून तेव्हा पक्षांपेक्षा संविधानाची चर्चा अधिक होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला तीच आघाडी प्रचंड बहुमताने परत आली. यावरून शहाणे लोक असा निष्कर्ष काढतात की मतदाराला पक्षांतराचे काही वाटत नाही, पंधराशे रुपये महिना दिले की तो विसरतो. हा निष्कर्ष मला उर्मट वाटतो. ज्या बाईला नवऱ्याच्या हातापुढे हात न पसरता पहिल्यांदाच स्वतःच्या खात्यात पैसे दिसले, तिने ते मोजले तर ती विकली गेली असे म्हणणारा कोण? तिच्यापुढे जे दोन-तीन उमेदवार होते त्यांतला कोणता न फुटलेला होता, हेही विचारायला हवे. माझ्या ओट्यावर आलेल्या बाईच्या हिशेबाने तर त्यांतले सगळेच कधीचे गेलेले होते.

या हिशेबाचे मूळ १९८५ च्या फार मागे आहे. १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ आणि ७१ जागा मिळाल्या होत्या. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने जागा १४८ झाल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाले. करारात एक तरतूद होती, जिची आज आठवणही कोणी काढत नाही: प्रत्येक राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांची निवड करायची आणि मग त्या चौघांतून सर्वांनी एक निवडायचा. चाळणी तोकडी होती, मुदतीचीही होती, तरी वस्तीच्या हाती होती. स्वतंत्र भारताच्या घटनेत राखीव जागा आल्या, ती चाळणी आली नाही. आज महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. त्या मतदारसंघांत दलित मतदार अल्पसंख्य असतो, त्यामुळे निवडून येण्यासाठी आमदाराला इतरांची मर्जी आणि पक्षाचे तिकीट या दोन गोष्टी लागतात. वस्तीचा विश्वास लागतोच असे नाही. असा प्रतिनिधी पक्षात राहिला काय आणि फुटला काय?

किंबहुना आपल्या इतिहासातली जुनी व्यथा उलटीच आहे. आपला माणूस पक्ष मोडून जात नाही, ही ती व्यथा. मद्रासचे एम. सी. राजा यांनी १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाची मागणी सोडून डॉ. मुंजे यांच्याशी करार केला आणि संयुक्त मतदारसंघ पत्करले. म्हणजे ते बाबासाहेबांच्या फळीतून फुटले. सहा वर्षांनी, १९३८ साली, त्याच राजांनी मद्रास विधानसभेत मंदिरप्रवेशाचे विधेयक आणले. राजगोपालाचारींच्या काँग्रेस सरकारने साथ दिली नाही आणि विधेयक पडले. काँग्रेसच्या तिकिटावर राखीव जागांवरून आलेले अस्पृश्य सदस्य पक्षशिस्तीत बांधलेले होते. राजांनी गांधीजींकडे तक्रार केली. त्या दिवशी त्या सभागृहात कोणी पक्ष फोडला नाही, सगळे निष्ठावंत राहिले. आजचा दहाव्या परिशिष्टाचा कायदा तेव्हा असता तर त्यानेही त्या सर्वांना निर्दोष ठरवले असते.

याच्या उलट १९५१ चे उदाहरण घ्या. बाबासाहेब नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले, हिंदू कोड बिल रखडवले गेले हे त्यामागचे एक मोठे कारण. मंत्रिपद सोडले, पुढच्या वर्षी मुंबईत निवडणूक हरले. सोडून जाण्याला कोणी खंजीर म्हटले नाही, कारण ते काही मिळवण्यासाठी गेले नव्हते. फुटणे आणि बाहेर पडणे यांत भाषेने फरक केला पाहिजे; तो सध्याच्या आपल्या राजकीय मराठीत उरलेला नाही.

मतदार आपल्या बाजूने काही करू शकतो काय, याचे एक उत्तर १९७४ मध्ये दिले गेले होते. रिपब्लिकन पुढारी एकेक करून काँग्रेसच्या सावलीत गेलेले होते. जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईची लोकसभा पोटनिवडणूक आली तेव्हा दलित पँथरने मत न देण्याची हाक दिली. वरळीत दंगल पेटली, १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव मारला गेला, आणि काँग्रेसचे रामराव आदिक पडले. कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. मत देऊन जे कळवता आले नव्हते ते मत रोखून कळवले गेले, आणि दिल्लीपर्यंत ऐकू गेले. त्याची किंमत एका तरुणाने जीव देऊन मोजली. वर्ष संपण्यापूर्वी पँथरही फुटली, हेही त्याच पानावर लिहून ठेवले पाहिजे. मला बहिष्काराचा पुरस्कार करायचा नाही, दर निवडणुकीत तर नाहीच. पण आपल्या मताचा जाब विचारण्याचा एवढा मोठा प्रयोग आपल्याच मुलांनी केला असताना, त्याच्याकडे आपण फक्त दंगलीचा इतिहास म्हणून पाहतो.

राहिला माझा स्वतःचा प्रश्न. "तुमीच सांगितलं व्हतं ना?" प्रतिनिधी मुंबईला जातो, तिथून गुवाहाटीला किंवा आणखी कोठे. त्याच्यावरचा संताप त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तो गावात मागे राहिलेल्या कार्यकर्त्यावर, शिक्षकावर, विहाराच्या अध्यक्षावर येऊन पडतो. मत मागताना आपण मध्ये उभे असतो, आपल्या शब्दावर ते दिले जाते. निवडून आल्यावर मात्र आपण बाजूला होतो, आणि आमदाराच्या गाडीत जागा मिळाली तर बसतोही. मी बसलो आहे. मोजणीच्या दिवशी तो आला नाही तेव्हा, त्याला कामे असतील, असे मीच त्या बाईला सांगितले होते. पक्ष सोडला त्या दिवशी मात्र मला संताप आला आणि मी त्याच्या निषेधाच्या पत्रकावर पहिली सही केली. दोन दिवसांतले हे अंतर तिने मोजले होते. मी नव्हते.

पुढच्या जयंतीला तो आमदार आमच्या विहारात आला. व्यासपीठावर त्याला खुर्ची दिली गेली, हारही घातला गेला, कारण पाहुणा म्हणून आलेल्याला कसे नाकारायचे यावर आमच्या समितीत एकमत झाले नाही. ती बाई पुढच्या रांगेत बसली होती. भाषण संपल्यावर ती उठली, व्यासपीठाजवळ गेली आणि पिशवीतून मोजणीच्या अर्जाची पोच काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती वाचली, शेजारच्या माणसाकडे दिली आणि "बघतो" म्हणाला. तिने त्या शेजारच्या माणसाच्या हातून ती पोच परत घेतली, घडी करून पिशवीत ठेवली आणि जाऊन आपल्या जागी बसली.